महासुरणाची जोपासना

आज मी आपणांस एका अशा वनस्पतीची ओळख करून देणार आहें, कीं जिचें फूल पाहण्याचा योग आलाच, तर तें नाकाला रुमाल लावून पाहावें लागेल. ही वनस्पति आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलेली नसेल. तरी ती आपणांस अगदींच परकी नाहीं. तिचा एक भाऊबंद आपल्या स्वयंपाकघरांत नेहमीं येतो. आपण त्याची भाजी करतों, काप तळतों, आणि चिंच किंवा कोकम घालण्यास विसरलों, तर घशाला सुटलेल्या खाजेनें त्याची आठवण दिवसभर बाळगतों. हा भाऊबंद म्हणजे आपला सुरण.

मी ज्या वनस्पतीविषयीं बोलणार आहें, ती सुमात्रा बेटाच्या पश्चिमेकडील डोंगराळ रानांत वाढते. शास्त्रज्ञ तिला ॲमॉर्फोफॅलस टायटॅनम असें म्हणतात. इंडोनेशियाच्या भाषेंत तिला 'बुंगा बांकाइ', म्हणजे प्रेताचें फूल, असें नांव आहे. मराठींत तिला रूढ नांव नाहीं. म्हणून आजच्यापुरतें मी तिला 'महासुरण' म्हणणार आहें. हें नांव माझें आहे; तें आपणांस न रुचल्यास दोषहि माझाच समजावा.

आरंभींच एक कबुली दिलेली बरी. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नव्हें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. सारा जन्म मराठी शाळेंत मुलें शिकविण्यांत गेला, आणि निवृत्त झाल्यावर घराच्या गॅलरींत कुंड्या मांडल्या. महासुरण मीं स्वतः लावलेला नाहीं. परंतु त्याच्याच जातीचे सुरण आणि शेवळें मीं कुंड्यांत वाढविलीं आहेत, मारलींहि आहेत. आणि थोरल्या भावाविषयीं जें वाचलें, तें धाकट्या भावंडांवरून थोडेंबहुत पडताळून पाहिलें आहे. दुर्मीळ वनस्पति जगविण्यास माती, पाणी आणि ऊन या तीन गोष्टी लागतात, असें मी पूर्वीं समजत असें. चौथी एक गोष्ट लागते, हें मला फार उशिरा समजलें. ती कोणती, हें ओघानें येईलच.

प्रथम या कुळाची ओळख करून घेऊं. सुरण, अळू, शेवळ, बागेंतला ॲन्थुरियम, दिवाणखान्यांतला मॉन्स्टेरा आणि बाटलींतल्या पाण्यावर वाढणारा मनी प्लांट, ही सारी एकाच सुरणकुलांतील मंडळी. या कुळाची खूण फुलांत असते. ॲन्थुरियमचें फूल डोळ्यांपुढें आणा. लाल, तकतकीत पानासारखा जो भाग दिसतो, त्यास महाछद म्हणतात. आणि त्याच्यामधून करंगळीसारखा जो दांडा वर येतो, त्यास स्थूलकणिश म्हणतात. खरीं फुलें अगदीं बारीक असून तीं या दांड्यावर दाटीवाटीनें बसलेलीं असतात. म्हणजे आपण ज्यास एक फूल समजतों, तें वस्तुतः शेंकडों फुलांचें एक गांव असतें.

महासुरणांत हा दांडा आठ-नऊ फूटहि उंच होतो. त्याच्या तळाशीं महाछद उलट्या धरलेल्या घागऱ्यासारखा उमलतो. बाहेरून हिरवट, आंतून गर्द किरमिजी. इ. स. २०१० मध्यें अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर संस्थानांत एका फुलोऱ्याची उंची १० फूट २ इंच भरली होती. 'जगांतील सर्वांत मोठें फूल' असें जें याच्याविषयीं वारंवार छापून येतें, तें मात्र शाळामास्तरानें दुरुस्त केलेंच पाहिजे. एकट्या फुलाचा तो मान सुमात्र्याच्याच रानांतील रॅफ्लेसियाकडे जातो. महासुरणाचा मान आहे तो शाखा नसलेल्या फुलोऱ्यांतील सर्वांत मोठा फुलोरा म्हणून.

पण हें फूल वर्षानुवर्षें दिसतच नाहीं. एरवीं जमिनीवर दिसतें तें एकच पान. आपल्या परड्यांतील सुरणाचें झाड ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस हें सहज समजेल. ज्यास आपण खोड म्हणतों, तो पानाचा देठ. आणि ज्यास आपण फांद्या म्हणतों, ते त्या एकाच पानाचे फांटे. महासुरणाचें हें पान वीस फुटांपर्यंत उंच आणि पंधरा फुटांपर्यंत रुंद होतें. त्याच्याखालीं एखाद्या घरचें कार्य उरकून घेतां येईल! हें पान उजेडांत अन्न तयार करून जमिनींतील कंदांत सांठवितें. मोठ्या झाडाचें पान वर्ष-दीड वर्ष टिकतें आणि मग पिवळें पडून कोसळतें. त्यानंतर कंद कांहीं महिने निजून राहतो, आणि पुन्हां नवें पान वर काढतो. दर खेपेस जुना कंद पान वाढविण्यांत खर्ची पडतो, आणि त्याच्या जागीं त्याहून मोठा नवा कंद तयार होतो. भांडवल गुंतवावें आणि नफ्यासह परत घ्यावें, तसा हा व्यवहार आहे. असा व्यवहार सात ते दहा वर्षें चालल्यावर एका वर्षीं पानाऐवजीं फुलाचा कोंब वर येतो.

हा कोंब दिवसाला चार-चार इंच वाढतो. मग एके दिवशीं दुपार कलल्यावर महाछद सैल होऊं लागतो आणि रात्रीं पूर्ण उमलतो. त्याच वेळीं मधला दांडा तापूं लागतो. त्याची उष्णता जवळजवळ मनुष्याच्या शरीराइतकी होते. या उष्णतेमुळें दुर्गंधीचे लोट वर चढून दूरवर पसरतात. या वासांत गंधकयुक्त द्रव्यें असतात, आणि तो सडलेल्या मांसासारखा येतो. हें सारें कशासाठीं? तर मढ्यावर अंडीं घालणाऱ्या माशा आणि भुंगेरे यांना फसवून आणण्यासाठीं. ते मेजवानीच्या आशेनें येतात, दांड्याच्या तळाशीं उतरतात, आणि दुसऱ्या फुलाचा पराग अंगावर असेल तर तो स्त्रीपुष्पांवर ठेवून जातात.

येथें निसर्गानें एक चातुर्य योजिलें आहे. दांड्याच्या तळाशीं स्त्रीपुष्पें आणि त्यांच्यावर पुंपुष्पें, असा क्रम असतो. पहिल्या रात्रीं फक्त स्त्रीपुष्पें पराग घेण्यास तयार असतात. पुंपुष्पांतून पराग सुटतो तो दुसऱ्या दिवशीं. आणि तोंपर्यंत स्त्रीपुष्पांची वेळ टळून गेलेली असते. म्हणजे या झाडाचा विवाह सहसा आपल्याशींच होत नाहीं. त्यास परक्या घरचा पराग लागतो. दोन दिवसांत सारा थाट कोसळतो. परागण झालें असेल, तर दांड्याच्या तळाशीं तांबूस-नारिंगी फळें धरतात. तीं पिकण्यास कित्येक महिने लागतात. सुमात्र्याच्या रानांत तीं धनेश पक्षी खातात आणि बीं दूरवर टाकतात. हा पक्षी आपल्या कोंकणांतहि आहे. त्याचें तेथलें काम आपण जाणतोंच.

आतां हें झाड माणसाच्या हातीं कसें आलें, तें ऐका. इ. स. १८७८ सालीं ओदोआर्दो बेक्कारी नांवाच्या इटालियन निसर्गशास्त्रज्ञास तें सुमात्र्यांत आढळलें. त्यानें कंद आणि बीं दोन्ही युरोपांत पाठविलीं. त्या काळीं द्राक्षवेलींच्या मुळांवरील एका किडीनें युरोपांतील मळे उध्वस्त केले होते; तिचा प्रसार थांबविण्यासाठीं केलेल्या नियमानुसार हे कंद फ्रान्समधील मार्सेल्सच्या बंदरावर अडकून पडले, आणि वाया गेले. बीं मात्र वांचलें. फ्लॉरेन्स येथें तें रुजलें, आणि त्यांतील एक रोप लंडनजवळील क्यू येथील वनस्पतिउद्यानास मिळालें. त्या उद्यानानें तें उष्ण कांचगृहांत दहा वर्षें संभाळलें. इ. स. १८८९ च्या जून महिन्यांत सुमात्र्याबाहेर महासुरण प्रथम फुलला, तो तेथें. पुढें १९२६ सालीं तेथेंच पुन्हां एक फूल आलें, तेव्हां इतकी गर्दी लोटली, कीं ती आवरण्यास पोलीस बोलवावे लागले. १९३७ सालीं न्यूयॉर्कच्या वनस्पतिउद्यानांत तें फुललें, आणि १९३९ सालीं त्या शहराच्या ब्रॉन्क्स विभागानें त्यास आपलें अधिकृत पुष्प ठरविलें. इ. स. २००० मध्यें मात्र तो मान त्याच्याकडून काढून एका लिलीस देण्यांत आला. दुर्गंधी पुष्पास साठ वर्षें मानाचें पद मिळालें, हेंहि थोडें नव्हे!

या हकीगतींत आपल्या कामाचा धडा असा, कीं मोठमोठे कंद गेले आणि चिमूटभर बीं उपयोगास आलें. पण त्या बियांमागें कोणी तरी दहा वर्षें उभें राहिलें. ही राखण कशी करावयाची, तें आतां क्रमानें पाहूं. मी महासुरणाचे नियम सांगतों. सुरण-शेवळांस जेथें निराळें लागतें, तेथें तसें सांगेन.

पहिली गोष्ट मातीची. या कंदांस ओल हवी, पण चिखल मुळींच नको. सुमात्र्यांत हें झाड उतारावर वाढतें, जेथें पाऊस पुष्कळ पण पाणी सांचत नाहीं. म्हणून मातींत चांगलें कुजलेलें पानखत, नारळाचा भुसा, जाड वाळू आणि विटांचे किंवा कोळशाचे बारीक तुकडे मिसळावे. कुंडीच्या तळाशीं भोंकें मोठीं असावींत. परीक्षा सोपी आहे: तांब्याभर पाणी ओतलें असतां तें वर साचून न राहतां खालून निघालें पाहिजे.

दुसरी गोष्ट खोलीची. कांद्यास मुळें खालून फुटतात; सुरणजातीच्या कंदास तीं वरून, कोंबाच्या सभोंवतीं फुटतात. म्हणून कंद उथळ लावला, तर मुळांस मातीच मिळत नाहीं आणि मोठें पान आपल्याच भारानें कलंडतें. मोठ्या कंदावर चार-सहा इंच माती असावी. लहानावर त्या मानानें. कुंडी कंदाहून चोहोंबाजूंनीं प्रशस्त असावी.

तिसरी गोष्ट ऊब आणि उजेड. महासुरण विषुववृत्ताजवळचा, थंडी म्हणून कशास म्हणतात, हें त्यास ठाऊक नाहीं. उद्यानांत त्याच्या कांचगृहाची उष्णता साधारणतः २० अंश सेल्सियसच्या खालीं जाऊं देत नाहींत, आणि हवा दमट ठेवतात. आपल्या किनाऱ्यावरील हवा त्यास मानवण्याजोगी. घाटावरची हिवाळ्यांतील रात्र त्यास सोसणार नाहीं. उजेड भरपूर हवा, पण दुपारचें ऊन थेट पानावर नको. झाडांतून गाळून आलेलें ऊन उत्तम. पान वाढत असतां खत वेळच्या वेळीं द्यावें. कंद पोसण्यास पालाश विशेष लागतें.

चौथी गोष्ट पाण्याची, आणि येथेंच सर्वांत अधिक झाडें मरतात. माझें झाड कसें मेलें, तें सांगतों. पहिल्या वर्षीं मीं वैशाखांत सुरणाचा एक गड्डा कुंडींत लावला. मृगाच्या पावसाबरोबर कोंब आला, आणि श्रावणांत छत्रीसारखें पान डोलूं लागलें. कार्तिकांत तें पिवळें पडलें. मला वाटलें, झाड आजारी झालें. मीं दोन वेळां पाणी घालूं लागलों, खत दिलें. मार्गशीर्षांत पान कोसळलें. मीं अधिकच जोरानें शुश्रूषा चालविली. पौषांत उकरून पाहिलें, तों गड्ड्याचा लगदा झालेला! माझी पत्नी म्हणाली, "अहो, तो बिचारा निजला होता, तुम्ही त्याला पाण्यांत बुडवून मारलात." एवढें वनस्पतिशास्त्र मला एकाहि पुस्तकानें इतक्या थोडक्यांत शिकविलें नव्हतें.

तर नियम असा: पान हिरवें असेपर्यंत पाणी नियमित द्यावें, पिवळें पडूं लागतांच कमी करावें, आणि गळून पडल्यावर जवळजवळ बंद करावें. सुरणाचा गड्डा या काळांत काढून कोरड्या, हवेशीर जागीं ठेवतां येतो. शेवळाची कुंडी तशीच कोरडी ठेवली तरी चालते. महासुरणाची विश्रांति मात्र तीन ते सहा महिन्यांची असते, आणि तिचा कोणत्याहि ऋतूशीं ठराविक संबंध नसतो. त्याची माती अगदीं ठणठणीत कोरडीहि होऊं देऊं नये, किंचित् ओल राखावी. कुंडी बदलणें, कंद तपासणें, कुजका भाग कापून जखम सुकविणें, हीं कामें याच विश्रांतीच्या काळांत, नवा कोंब दिसूं लागण्याच्या सुमारास करावींत. मुळांवर बारीक सूत्रकृमि आणि कंदावर पिठ्या ढेकूण पडतात. तेहि याच वेळीं सांपडतात. हें करतांना हातमोजे घालावेत, कारण या कुळाच्या अंगांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. सुरण खाजतो तो त्यांच्याचमुळें. आणि शेवळांच्या भाजींत काकडाचीं आंबट फळें घालतात, तींहि ही खाज मोडण्यासाठींच.

दुसऱ्या वर्षीं मीं पान गळल्यावर हात आवरून बसलों. शेजारचे एक गृहस्थ विचारीत, "मास्तर, या रिकाम्या कुंडीची राखण किती दिवस करणार?" त्यांस मीं काय सांगावें? माती रिकामी दिसते, पण कुंडी रिकामी नसते. ज्येष्ठांत कोंब आला, तेव्हां मीं त्यांस चहास बोलाविलें.

ही धीराची परीक्षा महासुरण केवढी मोठी घेतो, तें एडिंबरो येथील वनस्पतिउद्यानाच्या उदाहरणावरून दिसतें. इ. स. २००३ मध्यें त्यांस हॉलंडमधील लायडन येथून संत्र्याएवढा एक कंद मिळाला. २०१० मध्यें त्यांनीं तो कुंडी बदलण्यासाठीं काढला, तेव्हां त्याचें वजन १५३.९ किलो भरलें. म्हणजे आपल्याकडील दीड पोत्याहून अधिक. तें वजन करण्यास प्राणिसंग्रहालयांतून तराजू आणावा लागला. इतक्या पुष्ट कंदानेंहि फूल दिलें तें २०१५ सालीं. बारा वर्षें माळ्यांनीं पान, विश्रांति, पुन्हां पान, एवढेंच पाहिलें.

आतां रोपें वाढविण्याविषयीं. याचे दोन मार्ग आहेत. पानाचे तुकडे दमट मातींत रोवून ठेवले असतां त्यांच्या तळाशीं लहान कंद धरतात. हा मार्ग सोपा खरा. पण अशीं झाडें मूळ झाडाचीं हुबेहूब प्रतिमा असतात, त्यांत नवें रक्त येत नाहीं. दुसरा मार्ग बियांचा. सुमात्र्याबाहेर एका ठिकाणीं दोन झाडें एकाच वेळीं सहसा फुलत नाहींत. म्हणून पराग दुसरीकडून आणावा लागतो. महाछदाच्या तळाशीं लहानशी खिडकी कापून, पहिल्या रात्रीं कुंचल्यानें हा पराग स्त्रीपुष्पांवर लावतात. दुसऱ्या दिवशीं त्याच फुलाचा पराग गोळा करून, थंड करून, दुसऱ्या उद्यानासाठीं ठेवतात. इ. स. २०१५ मध्यें अमेरिकेंतील डेन्व्हर येथें फुललेल्या महासुरणाचा पराग शिकागोच्या उद्यानांतील फुलासाठीं असाच वापरण्यांत आला. वऱ्हाड नाहीं, वाजंत्री नाहीं. डबीभर पराग आणि एक रात्र, एवढ्यावर हें लग्न लागतें.

आणि लग्न म्हटलें, कीं कुळगोत्र पाहिलें पाहिजे. येथें मी त्या चौथ्या गोष्टीकडे येतों.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्याकडे शेवळाचे तीन कंद आले. एक आजोळच्या परड्यांतला, दुसरा वसईकडील एका स्नेह्याच्या वाडींतला, आणि तिसरा एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या शेताच्या बांधावरून आणलेला. मीं तीन कुंड्यांवर तीन चिठ्या डकविल्या. एका पावसाळ्यांत चिठ्या वाहून गेल्या. पुढें कुंड्या हलवाव्या लागल्या, आणि कोणती कुंडी कोठली, हें कोणासच सांगतां येईना. दोन वर्षांनीं त्यांतील दोन कुंड्यांत एका दिवसाच्या अंतरानें शेवळें उमललीं. एकाचा पराग दुसऱ्यास लावावा, असें मनांत आलें. पण हीं दोन झाडें वेगळ्या गांवांचीं, कीं एकाच कंदाचे फुटवे अदलाबदल होऊन दोन कुंड्यांत गेलेले, हें मला ठाऊक नव्हतें. सारा जन्म मीं वर्गांतल्या मुलांची हजेरी रोज घेतली. प्रत्येकाचें नांव, गांव, जन्मतारीख शाळेच्या दाखल्यांत लिहिली. आणि घरच्या तीन कुंड्यांची हजेरी मला ठेवतां आली नाहीं!

मला वाटलें होतें, हा गबाळेपणा माझ्यासारख्या हौशी माणसाचाच. तसें नाहीं. शिकागोचें वनस्पतिउद्यान आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ यांतील संशोधकांनीं जगांतील १११ संस्थांमधील सुमारें १२०० महासुरणांची माहिती गोळा केली. ती २०२५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें आढळलें, कीं २४ टक्के झाडें दुसऱ्या झाडांच्या हुबेहूब प्रती होत्या, आणि २७ टक्के झाडें जवळच्या नात्यांतील आईबापांचीं होतीं. याचें एक मोठें कारण, झाड कोठून आलें, त्याचे आईबाप कोण, पराग कोणाचा, याच्या नोंदी अपुऱ्या होत्या, निरनिराळ्या पद्धतीच्या होत्या, किंवा झाड एका उद्यानांतून दुसऱ्या उद्यानांत गेलें तेव्हां त्या त्याच्याबरोबर गेल्या नाहींत. एका संस्थेंत तर अशा संबंधांतून आलेलीं सारीं रोपें पांढरीं निपजलीं. ज्याच्या अंगांत हरितद्रव्य नाहीं, तें रोप बियांतील शिदोरी संपतांच मरतें.

यावर कोणी म्हणेल, कीं बीं पेढींत ठेवावें, म्हणजे झालें. गहूं-तांदळाचें बीं वाळवून, अतिशय थंड करून, वर्षानुवर्षें ठेवतां येतें. महासुरणाचें बीं वाळविलें, कीं मरतें. तेव्हां या झाडाची पेढी म्हणजे कुंड्यांत जिवंत असलेलीं झाडें हीच. आणि रानांत काय स्थिति आहे? तेलताडाचे मळे आणि लांकूडतोड यांमुळें सुमात्र्याचीं रानें आक्रसत आहेत. २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघानें महासुरणास संकटग्रस्त ठरविलें. रानांत आतां हजाराहून कमी झाडें उरलीं असावींत, असा अंदाज आहे. एखाद्या उद्यानांत फूल उमललें, कीं हजारों लोक रांगा लावतात, छायाचित्रें घेतात, आणि हें झाड आतां सुरक्षित आहे असें समजून घरीं जातात. परंतु पेढींत नाणीं पुष्कळ दिसावींत आणि त्यांतील निम्मीं एकाच सांच्यांतलीं निघावींत, तशी ही श्रीमंती आहे. प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांच्या वंशाची वही ठेवतात, कोणाची जोडी कोणाशीं जमवावी तें तींत पाहून ठरवितात. तशीच वही या झाडाची ठेवावी, असा प्रयत्न आतां उद्यानें करीत आहेत. माती, पाणी, ऊन, आणि चौथी ही वही.

श्रोतेहो, आपल्या घरीं महासुरण येईल, असें मी म्हणत नाहीं. पण शेवळ हें त्याचें भावंड आपल्या सह्याद्रीचें खास लेंकरूं आहे. तें दुसरीकडे रानांत उगवत नाहीं. पावसाच्या तोंडीं आदिवासी बाया त्याच्या जुड्या बाजारांत आणतात, आणि आपण त्या आवडीनें घेतों. ती जुडी म्हणजे न उमललेलीं फुलेंच होत. तीं खुडलीं, कीं त्या वर्षाचें बीं गेलें. भाजी खाऊं नये, असें मी सांगणार नाहीं. ती मलाहि प्रिय आहे. पण ज्याच्या वाडींत, परड्यांत शेवळें उगवतात, त्यानें दोन-चार फुलें दरवर्षीं उमलूं द्यावींत, फळें पिकूं द्यावींत. ज्याच्यापाशीं गॅलरीच आहे, त्यानें एक कंद कोणाच्या वाडींतून मागून आणावा, रानांतून उपटून आणूं नये. आणि तो मातींत घालण्यापूर्वीं एका वहींत चार ओळी लिहाव्यात: कोणाकडून आला, कोणत्या गांवचा, कोणत्या तारखेस लावला, पान केव्हां आलें आणि केव्हां गेलें. कुंडीवर चिठी नको. पत्र्याच्या पट्टीवर खिळ्यानें अंक कोरून ती कुंडीस तारेनें बांधावी, आणि तोच अंक वहींत लिहावा. फुटवा कोणास दिलात, तर त्या ओळींची नक्कलहि द्यावी. शाळा सोडतांना मूल दाखला घेऊन जातें. कंदानें तरी बिनदाखल्याचें कां जावें?

माझ्या त्या तीन कुंड्यांचें काय झालें, असें आपण विचाराल. त्या अजून आहेत. त्यांचें मूळ गांव आतां कळण्याचा मार्ग नाहीं. म्हणून मीं त्यांस एक, दोन, तीन असे अंक दिले आहेत, आणि त्या दिवसापासूनची त्यांची हजेरी नियमानें लिहितों. हिवाळ्यांत पानें गळतात, तेव्हां त्या रकान्यांत मी 'गैरहजर' असें लिहीत नाहीं. 'निद्रिस्त' असें लिहितों. ज्येष्ठांत कोंब दिसला, कीं पुढल्या रकान्यांत 'हजर' अशी खूण करतों, आणि शाळा पुन्हां उघडल्याचा आनंद मला घरबसल्या मिळतो.